कच्चे शंभर ग्रॅम

शून्य. मग एक ग्रॅम, मग पुन्हा शून्य... सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरचा हिरवा आकडा काही केल्या ठरेना, कारण त्याचा हात काट्याच्या कडेला टेकला होता आणि हात थरथरत होता. त्याने हात मागे घेतला. वाटीत कच्चे तांदूळ ओतले, बरोबर शंभर. मूठ-दीड मूठ, एवढेसेच दिसत होते. अर्ध्या तासाने तोच भात त्याने परत काट्यावर ठेवला, आणि आकडा चढत चढत दोनशे ऐंशीवर थांबला.

चार वर्षं त्याने मुलीला शिजलेला भात शंभर ग्रॅम वाढला होता. बटाटे शिजलेले, डाळ शिजलेली, सगळं काट्यावर, एक दाणा इकडेतिकडे नाही. फ्रिजवरच्या आहाराच्या तक्त्यात तळाशी बारीक अक्षरात ओळ होती — सर्व वजने कच्च्या पदार्थांची — आणि तक्ता पडू नये म्हणून नेमकं त्या ओळीवर लोहचुंबक बसवलं होतं तेही त्यानेच.

बायको सुरुवातीपासून कुरकुरायची. “दिवसाला पंधरा किलोमीटर पळते ती. पोरगी वाळत चाललीय, अंदाजाने वाढू दे मला.” अंदाजाने शर्यती जिंकता येत नाहीत, असं त्याने तिला ऐकवलं होतं. आणि एका दुपारी, सोळा वर्षांची पोर पातेलं बोटाने निपटून खाताना सापडली तेव्हा म्हणाला होता, जिभेचे चोचले पुरवायचे असतील तर घरी बस. ती बसली नाही. पातेल्याला पुन्हा कधी बोट लावलं नाही तिने, आणि त्याला किती अभिमान वाटला होता त्याचा...

काल आहारतज्ज्ञ बाईंनी तिचा एक्स-रे उजेडात धरला. नडगीच्या हाडाला चीर, दोन वर्षांत दुसरी. पाळी कधीपासून बंद आहे, असं त्यांनी मुलीला विचारलं तेव्हा तो भिंतीकडे बघत राहिला. मग त्या त्याच्याकडे वळल्या. “वजन कच्च्याचं करता ना? पुष्कळ जण शिजलेलं मोजतात.”

“अर्थात,” तो म्हणाला.

ते ‘अर्थात’ चूक कळायच्या आधी सुटलं की कळल्यावर? दिवसभर तो हेच उगाळत होता. मी खोटं बोललो नाही, मी नुसता घाईने बोललो... नाही. कळलं होतं. शब्द तोंडातून सुटायच्या आधीच काट्यावरचा शिजलेला भात डोळ्यांपुढे आला होता. बाईंनी लिहून टाकलं, आहार पुरेसा. बाहेर कुबडी सावरत मुलगी म्हणाली, “म्हणजे खोट माझ्यातच आहे. सोमवारी कोचना सांगून टाकते, सोडलं पळणं.” त्याने तिच्यासाठी रिक्षा थांबवली.

आणि पोटापाण्याचा धंदा काय, तर वजनमापांचा निरीक्षक. आजही तो एका किराणा दुकानात उभा राहून काट्यावर प्रमाणित वजनं ठेवत होता. काटा मापात पाच ग्रॅम मारत होता. दुकानदार हात जोडून म्हणाला, “साहेब, मला ठाऊकच नव्हतं हो.” ठाऊक नसणं ही सबब होत नाही, हे वीस वर्षांचं पाठ वाक्य त्याने म्हटलं आणि लिहिता लिहिता पेन थांबलं. दिव्याखाली अंधार असतोच. निरीक्षकाच्या दिव्याखाली एक पोर जेवायला बसत होती. दुकानदाराला वाटलं साहेब विरघळले. त्याने काट्याला सील ठोकलं आणि बाहेर पडला.

घरी येताना त्याने वाक्य तयार केलं. चूक माझी होती, तुझी नाही. जेमतेम पाच शब्द होते ते. बसथांब्यावर म्हणून पाहिलं, जिन्यात म्हणून पाहिलं.

जेवताना त्याने न मोजताच भात वाढला, भरघोस. मुलीने सवयीने काटा पुढे ओढला — ती सवयही त्याचीच — रिकाम्या ताटाचं ठरलेलं वजन वजा केलं आणि आकडा बघितला.

“बाबा, हे तिप्पट आहे जवळजवळ.”

बायको हातात झाकण धरून उभी होती, त्याच्याकडे बघत.

“खा,” तो म्हणाला. “आज... खा.”

“आता पळायचंच नाही तर एवढं कशाला? नेहमीएवढं करा.”

वाक्य जिभेवर आलं होतं. ती मान वर करून वाटही बघत होती, थकलेल्या, विश्वासाच्या नजरेने. चार वर्षांत तिने त्याच्या आकड्यावर एकदाही शंका घेतली नव्हती. त्याने चमचा उचलला. एक चमचा पातेल्यात परत, दुसरा, तिसरा... आकडा उतरत गेला आणि शंभरावर येऊन थांबला.

“आता बरोबर,” मुलगी म्हणाली आणि जेवू लागली.

त्याला हायसं वाटलं. खरोखरच हायसं वाटलं, आणि मग त्याचं लक्ष काट्याच्या कडेला टेकलेल्या आपल्या हाताकडे गेलं. आकडा जराही हलत नव्हता. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला भीती वाटली ती त्या स्थिर हाताची.