फुटके मणी

थोरलीने पकडीच्या टोकात मणी धरला आणि हलकेच दाबला. कट्ट असा बारीक आवाज झाला, काचेचा चुरा टेबलावर सांडला आणि आतला दोरा जसाच्या तसा राहिला. खराब मणी काढायची हीच रीत. कात्री लावली की अख्खी ओळ घरंगळते.

मण्यांनी भरलेलं ते चित्र तिचं नव्हतं, धाकट्या बहिणीचं होतं. आई पायरीवर बसली आहे, अंगावर शाल आहे आणि समोर पाठमोऱ्या बसलेल्या मुलीचे केस ती विंचरते आहे, एवढंच त्यात होतं. सकाळी सुनेबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघताना धाकटीने ते बहिणीच्या हाती दिलं होतं आणि बजावलं होतं, मागून अस्तर तेवढं लाव, बाकी हात लावू नकोस. हात लावू नकोस म्हणे! अस्तर काय पायाने लावायचं, असं थोरलीने वर ऐकवलंही होतं.

अस्तर तासाभरात लागलं. मग चित्र उलटून पुढची बाजू पाहिली आणि तिला राहवेना. निळ्या शालीत मधूनच तपकिरी मणी, पायरीची कड वाकडी, आणि आईचा कंगवा धरलेला हात तर बघवत नव्हता. कुठला मणी अर्धा, कुठल्याची कड उडालेली. लग्नाच्या कपड्यांवर मणी जडवण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. कारखान्यात ती डोळ्यांत तेल घालून बसायची. फुटका मणी म्हणजे तिचा जुना वैरी, कारण त्याची धार दोरा कापते आणि भर समारंभात कुणाचं तरी गळ्यावरचं काम जमिनीवर सांडतं. असला मणी दिसला की तिचे हात आपोआप पकडीकडे जात.

शिवाय वाचनालयातल्या प्रदर्शनात दोघींची कामं शेजारीशेजारी लागायची होती. लोक हसतील धाकटीला, असं ती स्वतःला म्हणाली. आपल्यालाही हसतील, हे मात्र ती मनातसुद्धा नीट म्हणाली नाही.

तसं धाकटीला हे काम शिकवलंही तिने नाइलाजानेच. डोळे जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं, त्याच आठवड्यात धाकटी सुई घेऊन पुढ्यात येऊन बसली होती. दिसत होतं तेव्हा साधं बटण लावलं नाहीस आणि आता कुठलं खूळ, असं थोरली तिला फटकन बोलून गेली होती. ते बोलणं तिला अजून खुपत होतं. म्हणूनही असेल, आज जीव ओतून काम करत होती. शालीतले तपकिरी मणी गेले, पायरी सरळ झाली. आईच्या हातावरच्या फुटक्या मण्यांच्या जागी तिने आपल्या डबीतले मोत्यासारखे गुळगुळीत मणी जडवले, एकाला एक लागून. मग चुरा हाताने टेबलाखाली लोटला. केर संध्याकाळी काढू म्हणाली.

दुपारी सून धाकटीला दारात सोडून औषधं आणायला गेली. डॉक्टर काय म्हणाले ते धाकटीने सांगितलं नाही, थोरलीनेही विचारलं नाही. चष्मा काढून ठेवून धाकटी टेबलाशी बसली आणि चित्र जवळ ओढलं.

ती ते बघत नव्हती. डोळे मिटून बोटं फिरवत होती. पायरीवरून, केसांवरून, शालीवरून. बोटं कंगव्यापर्यंत आली आणि थबकली. परत शालीवर गेली, परत आली.

"ताई, आईचा हात कुठे आहे?"

थोरलीने तिचं बोट धरून त्या गुळगुळीत मण्यांवर ठेवलं.

"हा काय. इथेच तर आहे."

"हा नाही." धाकटीने बोट तिथेच घोळवलं. "आईचा हात खरखरीत होता. केसांत अडकायचा बघ, आपण ओरडायचो."

थोरलीला तो हात आठवला. भांडी घासून, धुणी धुऊन भेगाळलेला, कपाळावरून फिरला की ओरखडे काढणारा. आणि हेही आठवलं की तिच्या टाकाऊ मण्यांची वाटी धाकटी वर्षभर मागून नेत होती. भिकाऱ्यासारखे फुटके काय मागतेस, चांगले घे, असं म्हणून ती तिची चेष्टा करायची. ते मणी ही कशाला नेते हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"चेहरा मला जमला नसता," धाकटी म्हणाली. "म्हटलं, निदान हात तरी असू दे. पुढे दिसेनासं झालं की हात लावायला."

"मी परत करून देते. आजच्या आज."

"राहू दे गं. तो हात जमायला मला वर्ष गेलं. एकेक मणी गालाला लावून बघत होते." तिने चित्र हळूच पलीकडे सरकवलं. "छान दिसत असेल आता. तुझं काम सुबकच असतं."

ती रागावली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. ती गुडघे धरत खाली बसली आणि टेबलाखालचा चुरा चाचपू लागली. बहुतेक सगळी पूडच होती. पण एखादा शाबूत अर्धा मणी मिळाला तर, तेवढाच.

"काय शोधतेस?"

"सुई पडली," थोरली म्हणाली.

"थांब, मी बघते. तुझ्या डोळ्यांपेक्षा माझी बोटं बरी."

नको नको म्हणेपर्यंत धाकटी खाली येऊन बसलीसुद्धा. तळवा फरशीवर टेकवून ती अगदी मन लावून, इंचाइंचाने, न पडलेली सुई शोधू लागली. थोरली तिच्याकडे बघत राहिली.

टेबलाच्या पायाशी धाकटीचा हात थांबला. काहीतरी बारीक चिमटीत धरून तिने ते अंगठ्याने चोळलं. मग गालाला लावलं. बराच वेळ तसंच धरून बसली.

"सुई नाही," ती म्हणाली आणि थोरलीचा हात शोधून तो मणी तिच्या तळव्यावर ठेवला. "फुटका मणी आहे तुझा. टाकून दे."