रेवदंड्याच्या बाजारातली घोडी

जुन्नरमध्ये वरात कुणाचीही असो, नवरदेव बसायचा तो दस्तगीरच्या चांदणीवर. पांढरीशुभ्र, शांत घोडी. कानाशी बँड वाजला तरी मान हलवायची नाही. नव्याण्णव सालच्या हिवाळ्यात सिनेमा कंपनीचा एक मॅनेजर तिला बघायला आला, तेव्हा दस्तगीर अभिमानानं म्हणाला, "फटाक्यालासुद्धा बुजत नाय ती."

शूटिंग समुद्रकाठी, रेवदंड्याला होतं. पोर्तुगिजांच्या पडक्या तटाजवळ कंपनीनं जुन्या काळचा बाजार उभा केला होता. माळशेज उतरून ट्रकनं घोडी तिथं पोचली, पण समुद्र बघताच मागं सरली. ओल्या वाळूवर पाय ठेवीना. दस्तगीर तिच्याशी बोलत, लाटांच्या कडेकडेनं तिला फिरवत राहिला, तेव्हा कुठं ती वाळूत चालायला लागली.

बाजारात गर्दी दिसावी म्हणून कोळीवाड्यातल्या बायकांना आणून बसवलं होतं. त्यात बयाबाई होती, पन्नाशीची, मासळी विकणारी. शूटिंग थांबलं की ती चांदणीला भाकरीचा तुकडा भरवायची.

"माझा जावईसुद्धा एवढा गुणाचा नाय," ती दस्तगीरला म्हणायची.

मग तो सीन आला. हिरोचा डुप्लिकेट बाजारातून घोडी पळवणार आणि बाजूला दारूचे बार उडणार. दस्तगीरनं मॅनेजरला गाठलं.

"साहेब, बार केवढा हाय?"

"लग्नात उडवतात तेवढाच. तूच म्हणाला होतास ना, बुजत नाही म्हणून?"

दस्तगीरनं चांदणीचा लगाम डुप्लिकेटच्या हातात दिला.

पहिल्याच बारानं पायाखालची जमीन हादरली. वाळूचा लोट उठला. चांदणी मागच्या पायांवर उभी राहिली, डुप्लिकेट खाली पडला आणि घोडी सैरावैरा बाजारात घुसली. टोपल्या उधळल्या, माणसं पळाली. बयाबाईला उठायला वेळ मिळाला नाही.

दस्तगीरनं घोडीला तटापाशी धरलं, तेव्हा ती थरथर कापत होती. मॅनेजर धावत आला.

"घोडी ट्रकमध्ये चढव आणि नीघ. गाव गोळा होतंय."

"आन बाई?"

"बाईचं आम्ही बघतो."

घाबरलेल्या दस्तगीरनं घोडी चढवली. ट्रक गावाबाहेर पडायला लागला. रस्त्यात दवाखान्याच्या दारात बयाबाईला रिक्षातून उतरवत होते. तिचा पाय विचित्र वळला होता. भोवती कोळीवाड्यातली माणसं होती, कंपनीचं एकही माणूस नव्हतं. दस्तगीरनं ड्रायव्हरला थांबायला लावलं.

तो खाली उतरताच बयाबाईच्या मुलानं त्याची कॉलर धरली. "कंपनीवाले सांगतात, घोडेवाल्यानं हमी दिली व्हती."

"दिली व्हती," दस्तगीर म्हणाला. "पन बार त्यांनी सांगितला तेवढा नव्हता."

त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही. लोकांनी घोडी उतरवून कोळीवाड्यात बांधून घातली. दस्तगीर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिला. दुसऱ्या दिवशी कंपनीनं गाशा गुंडाळला. पुढचं शूटिंग दुसरीकडे होतं म्हणे. तो मॅनेजर दवाखान्यात एकदाही फिरकला नाही.

बयाबाई बोलण्याजोगी झाल्यावर तिनं मुलाला जवळ बोलावलं. "आधी बार झाला. मग घोडी पळाली. मी बघितलंय. त्याला जाऊ दे."

मुलानं घोडी सोडली, पण दस्तगीरकडे मान वर करून बघितलं नाही.

चांदणी त्यानंतर वरातीत उभी राहिली नाही. लांबून ताशा ऐकला तरी तिला घाम फुटायचा. दस्तगीर मंचरच्या मार्केटला कांद्याच्या गोण्या वाहणारा टेम्पो चालवायला लागला. घोडी विकायला त्याचं मन झालं नाही.

पुढच्या वर्षी तो सिनेमा जुन्नरला लागला. दस्तगीर गेला नाही. त्याची बायको दिलशाद भावजयीला घेऊन गेली आणि घरी आल्यावर बुरखासुद्धा न काढता पलंगावर बसली.

"त्यांनी ते ठेवलंय," ती म्हणाली.

"काय?"

"आपली घोडी उधळते, बाजार पळतो. ती बाई पडते, ते पण. लोकं शिट्ट्या मारत होती."

दस्तगीरला त्या दिवशी जेवण गेलं नाही. बयाबाईला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. तो एसटीनं रेवदंड्याला गेला.

बयाबाई दारात पाय लांब करून बसली होती. शेजारी काठी. टोपली आता सून नेत होती. दस्तगीर काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "बघितला मी. केबलवर लावला व्हता. पोरं सांगतात, आजी, तू सिनेमात हायेस."

दस्तगीर उंबऱ्याशी बसला.

"मना एकच सांग," बयाबाई म्हणाली. "मी पडले तवा वरडले व्हते का? सिनेमात माझा आवाजच नाय. नुसतं गानं हाय."

"तुमी वरडला व्हता," दस्तगीर म्हणाला. "लई जोरात."

तिनं मान हलवली. सुनेला हाक मारून त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितला.