अनंताचा खडा

मानमोडीच्या तापाचं साल होतं. तळेगावाबाहेरच्या माळावर आमचं विद्यालय, आणि तिथल्या वसतिगृहात एक रीत. सकाळी ज्याला जेवायचं त्यानं आपला खडा स्वयंपाकघरातल्या परातीत टाकायचा. जितके खडे, तितक्यांच्या भाकरी बयाबाई थापायच्या. माझा खडा काळा, माझ्या खोलीतल्या अनंताचा पांढऱ्या रेघेचा.

ताप आधी मला आला. परीक्षा बुडेल म्हणून मी लपवला. अनंतानं चार दिवस मला पेज पाजली आणि पाचव्या दिवशी तोच आडवा झाला. रात्रभर पाणी मागत होता. ताप उलटेल या भीतीनं मी पांघरुणातून हललो नाही. सकाळी व्यवस्थापकांनी ‘ताप कुणी आणला?’ विचारलं, तेव्हा मी मूग गिळून बसलो. त्यांनी अनंतालाच पायी वराळ्याला घरी धाडलं. जाताना त्यानं आपला खडा बरोबर नेला. लाज वाटली मला, पण परीक्षेची काळजी जास्त होती.

दुसऱ्या दिवशी तो खडा परातीत होता. कुणीतरी खोडी काढतंय म्हणून मी सगळ्यांवर उखडलो. बयाबाईंनी मात्र खडे मोजून माझ्या शेजारी अनंताचं पान मांडलं. त्यावर कुणीच बसलं नाही. भाकरी तशीच राहिली, तांब्यातलं पाणी संपलं.

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी भरदुपारी मी तो खडा इंद्रायणीच्या डोहात भिरकावून आलो.

पाचव्या सकाळी तो परातीत होता, ओला. मी माझाही टाकला. जेवायला गेलो तर माझं पान नव्हतं.

“तुमचा खडा न्हाई,” बयाबाई म्हणाल्या. “दोनदा मोजलं म्या.”

अनंता जिवंत आहे का, एवढंच मला बघायचं होतं. उपाशीपोटी वराळे गाठलं. त्याची आई झुंबरबाई दारातच होती.

“गेला त्यो. तुमच्याकडनं आला त्याच रातीला.” तिनं मूठ उघडली. आत माझा काळा खडा. “सकाळी उंबऱ्यावर घावला. सुतकाच्या घरी कोन जेवाय येतंय, म्हनलं. तरी पान मांडलं.”

“मावशी, ताप माझा होता. त्यानं पाणी मागितलं, मी दिलं नाही.”

“ठावं हाय. बसा.”

आत दोन पानं होती. मी एकावर बसलो. शेजारच्या पानावर कुणी नव्हतं, तरी तिथला तांब्या माझ्या डोळ्यांदेखत रिकामा होत गेला.

मी उठलो आणि तो भरला.