मला काढलं कोणी?

सकाळी साडेआठला फिरता पट्टा सुरू झाला, की निवेदिता आपल्या खोलीच्या काचेपाशी येऊन उभी राही. पुणतांब्याच्या अलीकडच्या त्या पॅकहाउसमध्ये आसपासच्या गावांची डाळिंबं येत आणि प्रतवारी होऊन परदेशी जात. काचेतून खालचा हॉल पाण्यात बुडाल्यासारखा दिसे. लाल डाळिंबं सावकाश वाहत जात, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायांचे हात त्यांच्यावर लहरत राहत, आणि पट्ट्याच्या टोकाला नवा रोबो आपला लांब हात उचलून क्रेटवर क्रेट ठेवी. इतक्या हळुवारपणे, की बघता बघता डोळे जड व्हावेत.

निवेदिता तिथली कामगार अधिकारी. सहा महिन्यांपूर्वी मालक धवलशेठ यांनी पट्ट्यावर कॅमेरे बसवून घेतले होते. कोणाचा हात किती चालतो, किती वेळ थांबतो, हे संगणक मोजायचा आणि दर महिन्याला यादी द्यायचा. यादीत तळाला असलेल्यांना कामावरून कमी केल्याची पत्रंही तोच तयार करायचा. निवेदितानं फक्त सही करायची. या महिन्यात चार पत्रं निघाली. तिनं चहा पिता पिता सह्या केल्या. खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं. पूर्वी कोणाला काढायचं म्हटलं की दोन दिवस तिला घास गोड लागत नसे. आता वाईटपणा घ्यायला संगणक होता!

दुपारच्या सुट्टीत मनकर्णा जिना चढून वर आली. बारा वर्षं ती या पट्ट्यावर उभी होती. हातात ते पत्र.

"बाई, हे मी तीनदा वाचलं. 'प्रणालीच्या निष्कर्षानुसार' म्हंजी कोन?"

"म्हणजे संगणक, मनकर्णाताई. तुमचा हात वारंवार थांबतो असं त्यात आलंय."

"थांबतो व्हय. न्हाई म्हनत न्हाई मी."

"मग आता मी तरी काय करणार?"

"तुमी काय करू नका. फकस्त सांगा, मला काढलं कुनी? शेठनी काढलं म्हना, मी शेठशी भांडन. तुमी काढलं म्हना, तुमच्याशी भांडन. ह्या संगणकाशी कशी भांडू? भांडायला समोर तोंड तर पायजे!"

मनकर्णानं पत्राची घडी केली, कनवटीला खोचली आणि ती पुन्हा पट्ट्यावर जाऊन उभी राहिली. पत्रात महिन्याची मुदत होती.

रविवारी निवेदिता नेवाशाला मामांकडे निघाली. दुपारची एसटी, खिडकीतून ऊन, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तिचा डोळा लागला. तिला दिसलं, की पॅकहाउसमधला रोबो तिच्या टेबलाशी बसलाय, तिचं पेन त्याच्या चिमट्यात आहे आणि तो सह्या करतोय. हुबेहूब तिच्याच. तिनं पेन घ्यायला हात पुढे केला, तर तिला हातच नव्हता! दचकून ती जागी झाली, तेव्हा बस नेवाशाच्या स्टँडवर शिरत होती.

नृसिंहमामा नगरच्या कामगार न्यायालयात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. संध्याकाळी दोघं प्रवरेच्या काठाला जाऊन बसली. पाण्यावर धूसर उजेड पसरला होता, पलीकडचा काठ असून नसल्यासारखा. निवेदितानं सगळं सांगितलं.

"मामा, संगणक पक्षपात करत नाही. माणसापेक्षा बराच की तो."

"मोजायला बरा आहे," मामा म्हणाले. "यंत्राला माझा विरोध नाही गं. पण मोजणं निराळं आणि न्याय करणं निराळं. तीस वर्षं मी एकच पाहिलं. न्यायाधीश आधी विचारतात, निर्णय कोणी घेतला? आणि मग विचारतात, ज्याला काढलं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं का?"

"पण कायद्यात कॅमेऱ्याबद्दल, संगणकाबद्दल..."

"माणसं कमी होतील असं यंत्र आणायचं, तर आधी कामगारांना सूचना द्या, हे जुन्या कायद्यात होतं, नव्यातही आहे. संगणकानं माणसाला नालायक ठरवलं तर काय, हे मात्र अजून कुठं नीट लिहिलेलं नाही. लिहिलं जाईल. कायदा मागूनच येतो. आधी माणसांच्या पायांनी वाट पडते, मग तिचा नकाशा होतो. तोवर पाय कुठं टाकायचा, हे तुझ्यासारखीनं ठरवायचं." मग तिच्याकडे वळून ते म्हणाले, "तिचा हात का थांबतो, हे विचारलंस तिला?"

निवेदितानं नव्हतं विचारलं!

सोमवारी ती टोपी घालून खाली हॉलमध्ये गेली आणि मनकर्णाच्या शेजारी उभी राहिली. तासाभरात तिच्या लक्षात आलं. मनकर्णाच्या डाव्या हाताला बायडाबाई होती, साठीला टेकलेली. बायडाबाईच्या पुढून तडकलेलं किंवा डाग पडलेलं डाळिंब सुटलं, की मनकर्णाचा हात आपलं काम सोडून तिकडे जाई आणि ते फळ अलगद बाजूला काढी. काम जमा होई बायडाबाईच्या नावावर आणि हात थांबे मनकर्णाचा. संगणकाच्या यादीत बायडाबाई वरच्या पाचांत होती.

"हे तुम्ही सांगितलं का नाही?" निवेदितानं तिला बाजूला नेऊन विचारलं.

"सांगून काय, तिला घालवू? तिला लई अंधुक दिसतंय, बाई. मी कामाला लागले तवा ह्याच बाईनं मला डाळिंब पारखाया शिकिवलं." मनकर्णानं पट्ट्याकडे वळून बघितलं. "मला काढा. पन तिचं नाव कुटं घेऊ नका."

केवढी चूक केली होती निवेदितानं! ती तशीच धवलशेठकडे गेली. बायडाबाईचं नाव न घेता तिनं एवढंच सांगितलं, की यादी चुकीची आहे आणि मी चारही पत्रं मागे घेतेय.

शेठ वैतागले. "मॅडम, सिस्टीमला खोटं पाडता?"

"नाही शेठ, स्वतःला. हात थांबला हे सिस्टीमनं बरोबर मोजलं. का थांबला, हे विचारणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. उद्या या चौघींतली एक जरी कोर्टात गेली, तर साक्षीला कोणाला उभं करणार? कॅमेऱ्याला?"

शेठ उठून आपल्या खोलीच्या काचेपाशी गेले. काचेखाली रोबोचा हात वरखाली होत होता. "मग तुमचं म्हणणं काय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"यादी निघू द्या. पण यादीनंतर माणसाला बोलवायचं, त्याचं ऐकायचं आणि मग जो निर्णय घेईल त्यानं खाली आपलं नाव लिहायचं. आणि पुढचं यंत्र आणण्याआधी बायांना सांगायचं, शिकवायचं."

"कामाला उशीर होईल."

"होईल," निवेदिता म्हणाली.

शेठनी नाइलाजानं मान डोलावली.

चौघींनाही बोलावणं गेलं. एकीचं लेकरू आजारी होतं. एकीच्या जागेपर्यंत कॅमेऱ्याची नजरच पुरी पोचत नव्हती. त्यांतल्या लंकाबाईचं क्रेट उचलायचं काम मात्र खरंच रोबोनं घेतलं होतं, ते काही परत येणार नव्हतं. तिला रोबोची बटणं शिकवायला घेतली. पहिल्या दिवशी ती त्याला दबकून "अवो, सरका" म्हणाली, आणि सगळा हॉल हसला. पुढच्या पंधरवड्यात सगळ्यांचेच डोळे तपासले, म्हणजे कोणा एकीचं नाव पुढे येणार नाही. बायडाबाईला मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया होऊन ती परतली, तेव्हा मनकर्णाच्या तोंडाकडे एकटक बघत म्हणाली, "अगं, तुजे केस कवा पिकले?"

वाचकहो, यंत्रं येणार, यावीतच. ओझी त्यांनी उचलावी, मोजमाप त्यांनी करावं. पण माणसाच्या भाकरीचा निर्णय ज्या कागदावर असेल, त्याच्याखाली माणसाचं नाव हवं, आणि "का?" असं विचारणाऱ्याला उत्तर देणारं तोंड हवं. तसा कायदा आपण मागूया. आणि तो येईपर्यंत, निदान सही करण्याआधी, जिना उतरून खाली जाऊया.