उशिराचा निळा उजेड

फाल्गुनातली पीतवर्ण सकाळ. वसमतच्या शिवारात हळद शिजत होती, अंगणोअंगणी हळकुंडं वाळत होती. वाऱ्यात हळद, वाफेत हळद, बायकांच्या तळहातांच्या रेषारेषांत हळद. त्या सुवर्णधूसर प्रकाशात शिवकांताच्या कुशीतला तान्हा मन्मथही पिवळा दिसला, आणि कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

डोळ्यांतलं पांढरंही पिवळलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कावीळ हाय थोडी. कवळं ऊन दाखीव, उतरंल आपोआप. माझ्या नागनाथालाबी झाली व्हती."

शिवकांताने ऊन दाखवलं. कोवळं ऊन, रेशमी ऊन, निरुपद्रवी ऊन. त्या उन्हात बाळाची झोप गडद होत गेली, दूध ओढणारे ओठ शिथिल झाले, रडणं टिटवीसारखं तीक्ष्ण झालं; आणि एका दुपारी ते इवलंसं अंग धनुष्यासारखं मागे वाकलं.

मग नांदेडचा दवाखाना. काचेची पेटी, निळा उजेड, डोळ्यांवर पट्टी बांधलेलं लेकरू. रक्त बदललं. पिवळेपण ओसरलं.

"वाचला," सगळे म्हणाले.

डॉक्टरीणबाई तेवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, कावीळ मेंदूपर्यंत गेली होती. वाढ कशी होते, ते बघत राहायचं."

ती बघत राहिली. ऋतू आले, ऋतू गेले. मान सावरली नाही. बसणं नाही, रांगणं नाही. पितळी परात पडली, घर दचकलं. मन्मथ दचकला नाही. सासूबाई पदरात तोंड घालून रडल्या. शिवकांता रडली नाही. तिच्या आत काहीतरी शुभ्र, थंड, निःशब्द साचलं होतं. ती त्याचे ताठर पाय चोळी, घास मऊ करी, भरवी, ओठ पुसी. पुन्हा पाय चोळी.

पुढे एका आश्विनात धाकट्या जावेला, महानंदाला, मुलगी झाली. चार दिवसांत तीही पिवळी दिसू लागली.

"कवळं ऊन..." सासूबाईंनी सुरुवात केली.

"ऊन नको, आत्याबाई." आवाज शिवकांताचाच, घराला तो अनोळखी वाटला. ती नवऱ्याकडे वळली. "गाडी काढा. आत्ता."

महानंदा घाबरली. "आक्का, काय झालंय तिला?"

"अजून काही नाही," शिवकांता म्हणाली. "म्हणूनच."

निळा उजेड या वेळी वेळेवर मिळाला. गिरिजा घरी आली, बसली, धावली, बोलली. तिच्या प्रत्येक पहिलेपणाला घरात पेढे आले. शिवकांतानेही ते खाल्ले. चव लागली नाही.

एका करड्या शिशिरसंध्येला गिरिजा मन्मथच्या गादीपाशी गेली. "मनूदादा!" तो वळला नाही. "मनूदादा!" तो वळला नाही. तेव्हा, कुणी न शिकवता, तिने त्याची आखडलेली मूठ दोन्ही हातांनी उचलली, आपल्या गळ्यावर टेकवली आणि पुन्हा हाक मारली. गळा थरथरला. मूठ थरथरली. बोटं हळूहळू सुटली, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलं.

दारात उभी शिवकांता पाहत होती. डोळे कोरडेच होते. ती आत आली, मांडी घालून बसली, त्याचा दुसरा हात तिने आपल्या गळ्याशी धरला. ऐकू येत नाही म्हणून कितीक ऋतू न उच्चारलेलं त्याचं नाव तिने उच्चारलं. हळू. मग पुन्हा. मग अंगणात काळोख उतरेपर्यंत, पुन्हा, आणि पुन्हा.