अकरा नंबरची हजेरी

परदेशात माणसं फिरवून सुखरूप घरी आणण्याच्या धंद्यात एकोणीस वर्षं काढल्यावर जीव कशाकशाला विटतो, ते मास्तरांना विचारावं. ते काही शाळेतले मास्तर नव्हते. सहल कंपनीचे व्यवस्थापक होते. पण बस सुटण्याआधी नंबर पुकारून हजेरी घ्यायचे, म्हणून प्रवाशांनीच हे नाव ठेवलं होतं. पासपोर्ट जपा, हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा, रस्ता सिग्नललाच ओलांडा, हे रोज सकाळी सांगून त्यांच्या घशाला कोरड पडायची. ऐकणारे मान डोलवायचे आणि खिडकीची जागा पकडायला धावायचे.

त्या दुपारी बाजारातून बस निघाली, तेव्हाही हजेरी झाली होती. एक ते एकतीस, सगळे हजर. मास्तरांनी सीटवर अंग टाकलं. पाऊण तासाने हॉटेल आलं, मंडळी उतरली आणि प्रवाशांतल्या एक काकू बसच्या दारातच घुटमळल्या.

"आमचे हे दिसले का हो? मागे पत्ते खेळणाऱ्यांत बसले असतील, म्हटलं."

मागच्या सीटा रिकाम्या होत्या. मास्तरांनी घाईने हजेरीची यादी उघडली.

"काकू, अकरा नंबरला 'हजर' कोण म्हणालं?"

"मीच." काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "त्यांना कमी ऐकू येतं ना. नेहमी मीच म्हणते."

चाळीस वर्षं डॉक्टरपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना काकांच्या वतीने काकूच उत्तरं देत आल्या होत्या. हे मास्तरांना चार दिवस दिसत होतं, तरी ते मुकाट्याने यादीवर खुणा करत गेले. त्यांना स्वतःचाच राग आला. पण रागवायलाही अंगात त्राण लागतं.

"त्यांच्याकडे कार्ड तरी आहे?"

काकूंनी पर्स उघडली. कार्ड त्यात, मोबाइल त्यात, मधुमेहाच्या गोळ्याही त्यातच. काका वेंधळे, म्हणून सगळं त्यांनी स्वतःकडे ठेवलेलं. सत्तरी ओलांडलेला, धड ऐकू न येणारा माणूस त्या अफाट शहरात रिकाम्या खिशाने उभा होता, आणि त्याची जेवायची वेळ कधीच टळून गेली होती.

मास्तरांनी पोलिसांना फोन केला आणि काकूंना घेऊन टॅक्सीने परत निघाले. वाटेत काकू एकदाच बोलल्या. "त्यांना काही झालं तर मुलांना कोणत्या तोंडाने सांगू?" एरवी मास्तरांनी काहीतरी ठोकून दिलं असतं. आज ते टॅक्सीवाल्याला 'लवकर' म्हणून खुणावत राहिले.

बाजाराला चार दरवाजे. मोबाइलवरचा काकांचा फोटो दाखवत, हातवारे करत दोघं दोन दरवाजे पालथे घालून आले. पाय मोडून आले होते. तिसऱ्या दरवाजाशी, एका बंद दुकानाच्या पायरीवर काका बसलेले दिसले. शेजारी कोणीतरी दिलेली पाण्याची बाटली होती आणि दहा पावलांवर पोलीस उभा होता.

"अहो, जागचे हलू नका!" काकू ओरडत धावल्या. काका तसेही हलत नव्हते.

मास्तरांनी एक सुस्कारा सोडला. मग काकांच्या कानाशी वाकून ते जवळजवळ ओरडलेच, "काका, समोर पोलीस आहे. त्याला खुणेने तरी सांगायचं ना, आमचे लोक मला शोधत असतील म्हणून!"

"कोण शोधत असणार?" काका म्हणाले. आवाज थकलेला होता, त्यात तक्रार मुळीच नव्हती. "बस जाताना पाहिली मी. म्हटलं, हिने माझा नंबर सांगितलाच असेल. म्हणजे मी बसमध्ये आहे. मग मला शोधायला कोण येणार?"

काकू मटकन पायरीवर बसल्या आणि तोंडावर हात धरून रडू लागल्या. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.