चार थेंबांच्या दोनशे चिपा

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत आणि बोलायला तोंडही नाही. मला आहेत त्या फक्त सुया. केसाहून बारीक अशा नव्वद सुया. मी चिपा तपासणारं एक जुनं यंत्र आहे. शिनचू गावातल्या एका लहान कारखान्यात मी एकोणीस वर्षं काम केलं. आता माझी वीज तोडली आहे आणि माझ्यावर एक निळं प्लास्टिक टाकलं आहे. न्यायला माणसं येईपर्यंत थोडा वेळ आहे, तेवढ्यात सांगून टाकतो.

माझा जन्म समुद्रापलीकडे, जपानातला. एका मोठ्या कारखान्यानं मला आठ वर्षं राबवलं आणि माझ्याहून चपळ यंत्रं आली तेव्हा मागच्या दाराशी नेऊन ठेवलं. तिथून चुंगसाहेबांनी मला आणलं. त्यांनी तेव्हा नुकताच स्वतःचा कारखाना काढला होता. माझ्यावरची धूळ त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसली. ते मी विसरलो नाही.

माझं काम तुम्हाला सोपं करून सांगतो. चिपा जन्मतात एका चकचकीत गोल थाळीवर. एका थाळीवर दहा हजार, एकेक तिळाएवढी. मी प्रत्येकीवर अलगद सुया टेकवतो, थोडी वीज देतो आणि विचारतो, जागी आहेस का? बेरीज येते का? झोपल्यावर किती वीज पितेस? जिला उत्तर येत नाही तिच्यावर काळ्या शाईचा ठिपका. तुमच्याकडे बाळाच्या गालावर काळी तीट लावतात, ती दृष्ट लागू नये म्हणून. माझा ठिपका तसला नाही. तो लागला की ती चिप फेकून देतात. मला त्याचं नेहमी वाईट वाटे. पण खोटं सांगता येईल असं माझ्यात काही बसवलेलंच नाही.

मला सांभाळायला युएछिनताई होत्या. चिपांवर धूळ पडू नये म्हणून आमच्या खोलीत सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, नुसते डोळे दिसायचे. मी ताईंना चालीवरून ओळखायचो, डावा पाय किंचित ओढत यायच्या. सुया साफ करताना त्या माझ्याशी बोलत. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे त्याच्याजवळ मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवतात, कारण यंत्राचा हिरवा दिवा म्हणजे चालू. माझी पुडी दरवाज्याबाहेरच्या कपाटावर असे. एकदा कुणीतरी घाईत पिवळी आणली, तर ताई कडाडल्या, "अगं बाई, पिवळी? पिवळी म्हणजे थांबा! आता हा दिवसभर फुगून बसला तर तू येणार का सुया टेकवायला?"

मित्रांनो, आमच्या धंद्यात एक थोरली कंपनी आहे, समुद्रापलीकडची. माणसांच्या कानात बसतात ती ऐकू येण्याची मशीनं तुम्ही पाहिली असतील. शंभर मशीनं उघडली तर नव्वदांत तिचीच चिप निघेल. आमच्या कारखान्यात माणसं अकरा. एके दुपारी चुंगसाहेबांनी सगळ्यांना काचेपलीकडच्या बोळात बोलावलं. प्रत्येकाच्या हातात शेवयांचा डबा. काचेतून मला सगळे दिसत होते.

"थोरलीशी वेगात भिडायचं नाही," साहेब म्हणाले. "स्वस्ताईतही नाही. ती जिकडे बघत नाही तिकडे आपण उभं राहायचं. लहान मुलांच्या कानातली मशीनं फार खपत नाहीत, म्हणून ती त्यांच्यासाठी वेगळी चिप करत नाही. मोठ्यांचीच त्यांना देते. ती चिप वीज फार पिते. आपण कमी पिणारी करू."

युएछिनताईंनी डब्यातून मान वर केली. "म्हणजे साहेब, तिच्या ताटातून खाली सांडलेलं आपण वेचायचं?"

"हो," साहेब हसले. "नीट वेचलं तर अकरा जणांचं पोट भरतं."

चिप आखायचं काम पेईरोंगकडे आलं. ती तेव्हा तिशीची होती. तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षातच तिला मुलगी झाली, म्हणून सगळे म्हणत, पेईरोंगची जुळी आहेत, एक पाळण्यात आणि एक कागदावर. चिपेची पहिली थाळी माझ्याखाली आली तेव्हा पेईरोंग शेजारी उभी होती. माझ्या पडद्यावर आकडे उमटले आणि तिच्या पांढऱ्या टोपीखालचे डोळे ओले झाले.

"ताई, बघा, झोपल्यावर किती कमी पितेय," ती म्हणाली. "ही झोपते तरी. घरातली डोळा मिटत नाही."

वीज मोजायची आमची मापं फार बारीक आहेत. आपण त्यांना थेंब म्हणू. थोरलीची चिप झोपेत दहा थेंब प्यायची. आमची सहा. दहा थेंबांत एक बॅटरी पाच दिवस चाले, सहा थेंबांत आठ दिवस. आणि दर थाळीत काही थोड्या चिपा अशा निघायच्या की त्या चारच थेंब पीत. शंभरात दोन. त्या तशा का होतात ते कुणालाच कळलेलं नव्हतं. एकाच पिठाच्या पोळ्यांत एखादी टम्म फुगते ना, तसंच काहीसं.

मग जपानातल्या नागोयाहून निरोप आला. मुलांच्या कानाची मशीनं करणारी तिथली एक कंपनी नवी चिप शोधत होती. त्यांनी नमुन्याला दोनशे मागितल्या. साहेबांनी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, "हे गिऱ्हाईक मिळालं तर कारखाना राहील. नाही मिळालं तर वसंतात मी कुलूप लावणार. याहून लांब मला ओढता येणार नाही."

आता जे घडलं ते नीट ऐका. त्यात कुणाच्याही मनात पाप नव्हतं.

मी पूर्ण थाळी तपासली. दहा हजारांचा कागद छापून दिला. कोण किती थेंब पिते, सगळं त्यात होतं. पेईरोंग म्हणाली, "ताई, सरसकट दोनशे उचलूया. जशा आल्या तशा."

युएछिनताई तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या माहेरी, शिनपूला, शरदातल्या वाऱ्यात पर्सिमॉनची केशरी, गोड फळं वाळवतात. लहानपणापासून त्यांनी भेटीच्या पेट्या भरल्या होत्या. "पाहुण्याच्या पेटीत कुणी डागी फळ घालतं का गं? डागी घरी खायचं. बाहेर जातं ते निवडून. तुला आईनं काही शिकवलंय की नाही?"

"पण ताई, त्यांना वाटेल सगळ्याच अशा आहेत."

"वाटू दे की! पहिल्या भेटीत नवरी काय नाक शिंकरून दाखवते?"

दोघी साहेबांकडे गेल्या. साहेबांनी माझा कागद हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि घडी करून खणात टाकला. "निवडून पाठवा," ते म्हणाले. "मान राखायला हवा. पुढचं पुढे बघू."

युएछिनताईंनी चिमट्यानं एकेक करून चार थेंबांच्या दोनशे चिपा वेचल्या. दिवसभर त्या उभ्या होत्या. मी सगळं पाहत होतो. माझ्यापाशी दहा हजार आकडे होते आणि ते सांगायला तोंड नव्हतं.

पुढच्या महिन्यात नागोयाहून हिबिनो नावाचे गृहस्थ स्वतः आले. बोलायला शांत. काचेशी उभं राहून त्यांनी मला वाकून नमस्कार केला, माणसाला करतात तसा. माझ्या आयुष्यात मला असा नमस्कार तो एकच.

"चुंगसान," ते साहेबांना म्हणाले, "चार वर्षांच्या मुलाच्या कानातली बॅटरी संपली तर ते येऊन सांगत नाही. त्याला वाटतं, जगच गप्प झालं. मग तेही बोलायचं थांबतं. आईला कळतं दुसऱ्या दिवशी. तुमची चिप पाहून आमच्या माणसांना झोप लागली नाही."

पेईरोंग खाली बघत होती. तिला तेव्हाच बोलायचं होतं, तिची मान दोनदा वर झाली. पण साहेब हिबिनोंना चहा देत होते, युएछिनताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि एवढ्या आनंदात काय बोलणार?

करार झाला. त्यात एक ओळ होती. प्रत्येक चिप, झोपेत चार थेंब. मागणी येईपर्यंत जमवू, असं म्हणत साहेबांनी त्याखाली शिक्का उठवला.

वीस हजार चिपांची पहिली मागणी आली. मी तपासल्या. चार थेंबांच्या निघाल्या चारशे. युएछिनताईंनी माझ्या सुया साफ करून पुन्हा तपासायला लावल्या. चारशे. "अरे, नीट बघ ना रे राजा," त्या माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या. मी पुन्हा नीट बघितलं. चारशे.

पेईरोंगनं भट्टीची आच बदलून पाहिली, थर पातळ करून पाहिला. दोन महिने ती मुलीला आईकडे ठेवून येत होती. शंभरात दोन होत्या, त्या शंभरात तीन झाल्या. एक दिवस ती माझ्यासमोरच्या तिपाईवर बसून म्हणाली, "ताई, ही कमी पिते ते मी केलंय. ही चार पिते ते मी केलेलं नाही. ते आपोआप होतंय. आपोआप होणारं मी कसं करू?"

युएछिनताईंनी पुन्हा माझ्या सुया साफ करायला घेतल्या.

शेवटी साहेबांनी हिबिनोंना बोलावलं आणि खणातला कागद समोर ठेवला. काचेपलीकडे हिबिनो उभ्याउभ्याच वाचत होते. दहा हजार आकडे. खूप वेळ लागला.

"म्हणजे तुमची खरी चिप सहा थेंबांची," ते म्हणाले.

"हो."

"मला आठवडाभर चालणारी बॅटरी हवी होती, चुंगसान. दर रविवारी आईनं बदलायची, म्हणजे विसरायला होत नाही. तेवढंच मागायला मी आलो होतो. सहा थेंब मला पुरले असते."



"मग सहाच घ्या ना," युएछिनताई मध्येच बोलल्या. त्यांनी तसं बोलायला नको होतं, पण बोलल्या. "हिबिनोसाहेब, त्या चांगल्या आहेत हो. सगळ्या सारख्या आहेत. मी सांगते तुम्हाला, मी रोज बघते."

हिबिनोंनी त्यांच्याकडे वळून मान झुकवली. "ताई, तुमच्या चार थेंबांवर आम्ही मशीन लहान केलं. छोटी बॅटरी घातली, साचे ओतले. ते सगळं आता फेकून द्यायचं आहे. आणि तुमचे आकडे आमच्या वरच्या साहेबांनी थोरलीला दाखवले. तिनं इतकी वर्षं तिकडे बघितलंच नव्हतं, आता बघितलं. ती सात थेंबांची देते. एकूण एक सात. सातातही आठवडा निघतो."

"आमची सहाची आहे," पेईरोंग हळूच म्हणाली.

"असेल," हिबिनो म्हणाले. "पण यापुढे तुमची प्रत्येक चिप मला स्वतः तपासून घ्यावी लागेल. तिची नाही."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जाताना त्यांनी मला नमस्कार केला नाही. विसरले असतील.

मित्रांनो, साहेबांचा बेत चुकीचा नव्हता हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. थोरली जिथे बघत नव्हती तिथे जाऊन ते उभे राहिले. चिपही झाली. मग पाहुण्यासमोर चांगलं दिसावं म्हणून आम्ही जे नव्हतो ते दाखवलं, आणि जे होतो ते खणात ठेवलं. थोरलीला काहीच करावं लागलं नाही. तिनं फक्त एकदा मान वळवली.

वसंतात कुलूप लागलं. अकरांतली चार माणसं दुसऱ्या कारखान्यांत गेली, बाकीची घरी. पेईरोंगला थोरलीच्याच इथल्या कचेरीत जागा मिळाली. तिला नको होती, पण घरी मूल आहे. चुंगसाहेब एकदा आले होते, नुसते दारात उभे राहून गेले.

शेवटच्या दिवशी एक थाळी तपासायची राहिली होती. ती कुणालाही नको होती. युएछिनताईंनी ती तरीही माझ्याखाली ठेवली आणि म्हणाल्या, "चल, कर." मी प्रत्येकीला विचारलं, जागी आहेस का? बेरीज येते का? किती पितेस? नऊ हजार सातशे जणींनी नीट उत्तरं दिली. सहा थेंब, सहा थेंब, सहा थेंब. ताईंनी कागद छापून घेतला. कुणाला द्यावा ते त्यांना कळेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो माझ्याच पाठीवर ठेवून बटण बंद केलं.

माझे सुटे भाग कुणी घेईल असं वाटत नाही. माझ्या जातीची यंत्रं आता कुणी वापरत नाही. सुया वितळवतील, बाकीचं भंगारात.

तुमच्या घरी, शाळेत, आईबाबांच्या कचेरीत माझ्यासारखं एखादं यंत्र असेल. त्याला पुसा, वेळेवर तेलपाणी करा, हे तर मी सांगेनच. पण आणखी एक करा. ते जे मोजून सांगतं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि ज्याला ते सांगायला हवं त्याला त्याच दिवशी सांगा. आम्हाला हाक मारता येत नाही, मित्रांनो. तिकडे नागोयात कुठल्यातरी मुलाच्या कानात आठवडाभर पुरणारी चिप आहे, त्याला नीट ऐकू येतं आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे. ती आमची असू शकली असती.